शोधनिबंधांचं इंडेक्सिंग माणसाने करावं की यंत्राने? आपल्याच संग्रहावर चाचणी घेण्याची पद्धत

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीविषयी तीन इंग्रजी शोधनिबंध तुमच्या संग्रहात आहेत असं धरू. पहिल्याच्या शीर्षकातच ‘पिंक बोलवर्म’ आहे. दुसऱ्यात फक्त ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ हे शास्त्रीय नाव आहे, रूढ नाव कुठेच नाही. तिसऱ्याच्या शीर्षकात आणि सारांशात सगळी चर्चा क्राय१एसी या बीटी प्रथिनाला किडीत येणाऱ्या प्रतिकारक्षमतेची. अळीचं नाव येतं ते ‘साहित्य आणि पद्धती’ या भागात, तेही एकदाच. ‘पिंक बोलवर्म’ एवढंच टाइप करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला निबंध मिळतो. बाकीचे दोन असून नसल्यासारखे.

निबंध वाचून थिसॉरसमधल्या (ठरवून दिलेल्या विषयसंज्ञांच्या यादीतल्या) संज्ञा देणारा माणूस, म्हणजे इंडेक्सर, हे तिन्ही निबंध एका शीर्षकाखाली आणतो. पण तोच माणूस सहा-आठ संज्ञा देऊन थांबतो. तिसऱ्या निबंधात गॉसिप्लुअर या कृत्रिम कामगंधाचे सापळे वापरले होते, हे त्याला नोंदवण्याजोगं वाटत नाही. पूर्ण मजकुराचं इंडेक्सिंग करणारं यंत्र प्रत्येक शब्द साठवतं, त्यामुळे उद्या कामगंध सापळ्यांवर काम करणारं कोणी आलं तर त्याला तो निबंध यंत्रच काढून देईल.

ग्रंथालयात नवं सॉफ्टवेअर घ्यायची वेळ आली की हा वाद हमखास निघतो, आणि बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने सुटतो. तसं करायची गरज नाही. एका विषयाचे काही शे निबंध, पंचवीस-तीस खरे प्रश्न आणि थोडी चिकाटी असेल तर याचं उत्तर आपल्या संग्रहापुरतं काढता येतं. महाविद्यालयाचा ग्रंथपाल, संशोधन संस्थेचा माहिती विभाग किंवा आपल्या विभागाचा निबंधसंग्रह सांभाळणारा पीएचडीचा विद्यार्थी, कोणालाही हे जमण्यासारखं आहे.

पद्धत आली कुठून

इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या कॉलेज ऑफ एरोनॉटिक्समध्ये सिरिल क्लेव्हर्डन हे ग्रंथपाल होते. १९५७ च्या सुमारास त्यांनी विमानविद्येचे १८,००० दस्तऐवज घेऊन चार पद्धतींची तुलना सुरू केली: युनिव्हर्सल डेसिमल वर्गीकरण, वर्णानुक्रमी विषयशीर्षकं, पैलू वर्गीकरण (विषयाचे पैलू सुटे करून पुन्हा जोडणारं) आणि सुट्या शब्दांवर चालणारी युनिटर्म पद्धत. यातल्या पैलू वर्गीकरणामागचा विचार आपल्या एस. आर. रंगनाथन यांचा. एका दस्तऐवजाला २, ४, ८, १२ की १६ मिनिटं द्यायची हेही बदलून पाहिलं गेलं. निकाल लागला तेव्हा चारही पद्धतींचा रिकॉल (जे सापडायला हवं होतं त्यापैकी किती सापडलं) ७४ ते ८२ टक्क्यांच्या पट्ट्यात होता. सर्वांत वर होती ती सर्वांत साधी युनिटर्म, आणि पैलू वर्गीकरण शेवटचं. वर्गीकरणाच्या बारकाव्यांवर आयुष्य घालवलेल्या मंडळींना हे पचणं कठीणच होतं.

साठच्या दशकातल्या दुसऱ्या चाचणीत संग्रह लहान केला, १४०० निबंधांचा, पण प्रश्न आणि त्यांची तपासणी कितीतरी काटेकोर. इंडेक्सिंगच्या ३३ प्रकारच्या भाषा तपासल्या आणि निबंधातल्याच एकेरी शब्दांवर आधारलेल्या भाषा पुढे राहिल्या. ‘यंत्र जिंकलं’ याचा पुरावा म्हणून हा निकाल आजही सांगितला जातो. तो जरा सांभाळून वापरावा, कारण तिथले शब्द निबंधातलेच असले तरी ते वेचले होते माणसांनी. हाच संग्रह पुढे जेरार्ड सॉल्टन यांच्या स्मार्ट या संगणकीय शोधप्रणालीवर चालवला गेला, तेव्हा खऱ्या अर्थाने यंत्राची परीक्षा झाली.

आज नावाजलेल्या कोणत्याही सर्च इंजिनची परीक्षा होते ती याच साच्यात: ठरावीक संग्रह, ठरावीक प्रश्न, आणि कोणत्या प्रश्नाला कोणता दस्तऐवज लागू आहे याची आधीच केलेली यादी. आपणही तेच करणार आहोत, लहान प्रमाणावर.

आधी ठरवा: तुलना नेमकी कशाची?

‘ऑटोमॅटिक इंडेक्सिंग’ या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी खपतात. एक, पूर्ण मजकुरातले शब्द साठवून त्यांना वजन देणं आणि निकाल क्रमाने लावणं. दोन, माणूस वापरतो त्याच थिसॉरसमधल्या संज्ञा यंत्राने सुचवणं किंवा थेट लावणं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची मेडिकल टेक्स्ट इंडेक्सर प्रणाली किंवा फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ॲनिफ हे मुक्त सॉफ्टवेअर या जातीचं. तीन, मजकुराचं व्हेक्टरमध्ये (आकड्यांच्या मालिकेत) रूपांतर करून अर्थाच्या जवळिकीवर शोध घेणं.

विक्रेते डेमो दाखवतात पहिल्याचा किंवा तिसऱ्याचा, आणि ‘आता इंडेक्सरची गरज नाही’ हा निष्कर्ष काढतात दुसऱ्याबद्दल. म्हणून कागदावर आधी लिहून काढा: एका बाजूला माणसाने दिलेल्या थिसॉरस-संज्ञा, दुसऱ्या बाजूला या तीनपैकी कोण. तिन्ही तपासायची हौस असेल तर तिन्हींचे आकडे वेगवेगळे ठेवा, एकत्र करून सरासरी काढू नका.

पायरी १: संग्रह

तीनशे ते हजार निबंध पुरतात, पण ते एकाच विषयातले हवेत. भौतिकशास्त्र, पशुवैद्यक आणि अर्थशास्त्र एकत्र केलं तर कोणतीही पद्धत पास होते, कारण ‘अळी’ हा शब्द अर्थशास्त्राच्या निबंधात येतोच कशाला? खरी कसोटी लागते ती एकमेकांसारख्या दिसणाऱ्या निबंधांत. कपाशीच्या किडी हा विषय त्या दृष्टीने फार चांगला: गुलाबी बोंडअळी, अमेरिकन बोंडअळी आणि ठिपक्यांची बोंडअळी या तीन वेगळ्या किडी, आणि तिन्हींच्या निबंधांत सत्तर टक्के शब्द सारखेच वाटतील.

दोन्ही बाजूंना सारखाच मजकूर द्या. माणसाला पूर्ण निबंध आणि यंत्राला फक्त सारांश दिला तर तुम्ही इंडेक्सिंगची नव्हे, मजकुराच्या लांबीची तुलना कराल. दुबार प्रती काढून टाका. स्कॅन केलेले प्रबंध असतील तर ओसीआरचा (चित्रावरून यंत्राने ओळखलेला) मजकूर उघडून डोळ्यांनी पाहा. जुन्या टंकलिखित प्रबंधात शास्त्रीय नावांची जी वाट लागलेली असते ती पाहिल्याशिवाय यंत्राला दोष देणं बरोबर नाही.

पायरी २: प्रश्न

क्रॅनफिल्डच्या पहिल्या चाचणीवर मोठी टीका झाली ती इथे. तिथे प्रश्न संग्रहातल्याच एखाद्या दस्तऐवजावरून तयार केलेले होते आणि तो मूळ दस्तऐवज सापडला की यश धरलं जाई. निबंध वाचून प्रश्न लिहिला की त्यातले शब्द प्रश्नात उतरतात, आणि शब्द जुळवणाऱ्या पद्धतीला आयतं कुरण मिळतं. दुसऱ्या चाचणीत म्हणूनच निबंधांच्या लेखकांना विचारलं गेलं की हे काम तुम्ही कोणत्या प्रश्नासाठी हाती घेतलं होतं.

तुमच्याकडे संदर्भसेवेच्या नोंदी असतील तर तिथून प्रश्न उचला. नसतील तर प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांना गाठा आणि ‘सध्या काय शोधताय?’ एवढंच विचारा. ते जसं बोलतील तसं लिहून घ्या, आणि प्रत्येकाकडून एक छोटा परिच्छेदही: काय मिळालं तर उपयोगी, काय मिळालं तर बिनकामाचं. हा परिच्छेद पुढे सोन्यासारखा उपयोगी पडतो.

तीस प्रश्नांत थोडी विविधता असू द्या. काही नेमक्या नावाचे असावेत (‘अमुक कीटकनाशकाचा अमुक किडीवर परिणाम’), काही संकल्पनेचे (‘बीटी पिकांत आश्रय-ओळींचं पालन शेतकरी का करत नाहीत’), काही दोन गोष्टींमधल्या नात्याचे. संकल्पनेच्या प्रश्नांवर माणसाच्या इंडेक्सिंगची खरी मिळकत दिसते. सगळे प्रश्न नावांचेच घेतलेत तर निकाल चाचणीआधीच लागलेला असेल.

पायरी ३: कोणता निबंध लागू, कोणता नाही

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि टाळाटाळही इथेच होते. संग्रह तीनशेचा असेल तर प्रत्येक प्रश्नासाठी सगळी शीर्षकं आणि सारांश नजरेखालून घालणं शक्य आहे. मोठा असेल तर पूलिंग करा: सर्व पद्धतींनी त्या प्रश्नाला दिलेले पहिले पन्नास-शंभर निकाल एकत्र करा, क्रम विस्कटून टाका, आणि तेवढेच तपासा. अमेरिकेत १९९२ पासून चालणाऱ्या शोधप्रणालींच्या ट्रेक चाचण्या याच तत्त्वावर उभ्या आहेत. तपासणाऱ्याला कोणता निबंध कोणत्या पद्धतीतून आला हे कळता कामा नये.

शेरा तीन पातळ्यांवर द्या: २ म्हणजे थेट उपयोगी, १ म्हणजे काही अंशी, ० म्हणजे लागू नाही. शक्यतो ज्याचा प्रश्न त्यानेच तपासावं. निदान पाच प्रश्न दोघांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. दोघांचं कुठे जुळत नाही ते पाहिलं की ‘लागू’ या शब्दाचा अर्थ किती लवचिक आहे याचा अंदाज येतो.

ही मेहनत का करायची? रिकॉल अंदाजाने सांगता येत नाही म्हणून. १९८५ साली डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत एका खटल्याचे सुमारे ४०,००० दस्तऐवज पूर्ण-मजकूर शोधावर टाकले होते. वकिलांची समजूत अशी की लागू असलेल्यांपैकी निदान ७५ टक्के आपल्या हाती आले आहेत. प्रत्यक्षात आले होते २० टक्क्यांच्या आसपास. शास्त्रीय निबंधांचा संग्रह वेगळा, पण शोधणाऱ्याचं समाधान आणि रिकॉल यांचा संबंध तिथेही तेवढाच दूरचा असतो. जे सापडलंच नाही त्याची चुटपुट कोणाला लागणार?

पायरी ४: माणसाचं इंडेक्सिंग

थिसॉरस आधी निवडा. शेतीसाठी एफएओ या जागतिक अन्न व शेती संघटनेचं ॲग्रोव्हॉक मोफत उपलब्ध आहे, वैद्यकासाठी नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं मेश. घरगुती विषयशीर्षकांची यादी वापरत असाल तर तीच घ्या, पण चाचणीच्या काळात तिच्यात भर घालू नका.

मग एका पानाची नियमावली: निबंधामागे किती संज्ञा, सर्वांत नेमकी संज्ञा आधी की व्यापकही द्यायची, प्रयोगातली साधनं नोंदवायची की नाही. प्रत्येक निबंधाला लागलेली मिनिटं लिहा. हे आकडे शेवटच्या पायरीला लागतील, आणि तेव्हा आठवून लिहिलेले चालत नाहीत.

पन्नास निबंध दोन इंडेक्सरना स्वतंत्रपणे द्या आणि सातत्य मोजा. पहिल्याने १० संज्ञा दिल्या, दुसऱ्याने ८, सामाईक ६; तर एकूण वेगळ्या संज्ञा १० + ८ − ६ = १२ आणि सातत्य ६ भागिले १२, म्हणजे ५० टक्के. आकडा पाहून धक्का बसला तर मेडलाइन या वैद्यकीय निबंधांच्या सूचीचा दाखला लक्षात ठेवा. तिथे ७६० निबंध चुकून दोनदा इंडेक्स झाले होते. १९८३ मध्ये त्यांची तुलना प्रसिद्ध झाली तेव्हा मुख्य संज्ञांवरचं सातत्य ४८ टक्के निघालं, निबंधाच्या मध्यवर्ती विषयांपुरतं पाहिलं तर ६१. प्रशिक्षित माणसं, काटेकोर नियम, तरी एवढंच.

या आकड्याला मी फार महत्त्व देतो. यंत्राच्या संज्ञा माणसाच्या संज्ञांशी ५० टक्के जुळल्या म्हणून यंत्र ‘अर्धं चुकलं’ असं म्हणणारे अहवाल वाचायला मिळतात. दुसरा माणूसही तेवढाच जुळतो हे त्यात लिहिलेलं नसतं.

पायरी ५: यंत्राचं इंडेक्सिंग

सुरुवात साध्यापासून करा. एलास्टिकसर्च किंवा सोलर हे शोधाचं सॉफ्टवेअर बसवलं की बीएम२५ ही क्रमवारीची पद्धत त्यात आयतीच मिळते. तिच्यामागचं तत्त्व करेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलं: जो शब्द थोड्या दस्तऐवजांत येतो त्याचं वजन जास्त. हजार निबंधांपैकी दहांतच येणाऱ्या शब्दाचं वजन १००० भागिले १० चा लॉग, म्हणजे २. नऊशे निबंधांत येणाऱ्या ‘कॉटन’चं जेमतेम ०.०५. कपाशीच्या संग्रहात ‘कॉटन’ या शब्दाला काही किंमत उरत नाही, आणि ते योग्यच आहे.

थिसॉरस-संज्ञा लावणारं यंत्र हवं असेल तर ॲनिफ घ्या. त्याला थिसॉरस आणि आधी माणसाने इंडेक्स केलेले नमुने लागतात. शिकवायला दिलेले निबंध परीक्षेत वापरायचे नाहीत, हा नियम मोडला की आकडे हवेत जातात. हल्ली मोठ्या भाषा-मॉडेललाच ‘या निबंधाला संज्ञा दे’ असं सांगण्याची टूम आहे. द्यायला हरकत नाही, पण त्याने दिलेली प्रत्येक संज्ञा थिसॉरसच्या यादीशी ताडून पाहा. यादीत नसलेली पण अगदी खरी वाटणारी संज्ञा तो सहज देऊन जातो. व्हेक्टर शोध घेणार असाल तर वर सांगितलेल्या तीन बोंडअळ्या त्याच्यासमोर ठेवा. समानार्थी शब्द तो छान ओळखतो, पण सख्ख्या भावंडांमध्ये गल्लत करतो का, हे तिथेच कळेल.

संग्रहात मराठी मजकूर असेल (कृषी विद्यापीठांच्या शिफारशी, विज्ञान मासिकांतले लेख, प्रबंधांचे मराठी सारांश) तर यंत्राकडे देण्याआधी काही कामं उरकावी लागतात. जुन्या फाइली युनिकोडमध्ये नसतात. डीटीपीच्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो आणि यंत्राला इंग्रजी अक्षरांचा चिवडा. तो आधी बदलून घ्या. युनिकोडमध्येही ‘ॲ’ हे एकच चिन्ह म्हणून टाइप होतं किंवा ‘अ’वर चंद्र देऊन, डोळ्याला सारखं, यंत्राला वेगळं. ‘ऱ्या’मधल्या ‘ऱ्’चं तेच. सगळं एका रूपात आणणारी छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा.

मग येतं सामान्यरूप. ‘कापूस’ शोधणाऱ्याला ‘कापसावरील’, ‘कापसाच्या’ सापडायचं तर शेवटचा प्रत्यय छाटून भागत नाही, कारण छाटल्यावर उरतं ‘कापसा’. हिंदीसाठी तयार असलेला, शब्दरूपं ओळखणारा ॲनालायझर मराठीवर चालवणं हा शॉर्टकट दिसायला सोपा आहे, पण मराठीचं सामान्यरूप त्याच्या हिशोबात नसतं. त्यात ‘बोंडअळी’, ‘बोंड अळी’, ‘बोंडअळ्या’, ‘बोंडअळीचा’. ‘जिवाणू’, ‘जीवाणू’, ‘बॅक्टेरिया’. लहान संग्रहात मी तरी मोठ्या स्टेमरच्या (शब्दाचं मूळ रूप काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मागे न लागता, संग्रहात वारंवार येणाऱ्या दोन-तीनशे संज्ञांची रूपं हाताने लिहून समानार्थींच्या फाइलीत घालणं पसंत करीन. दोन दिवसांचं काम आहे आणि परिणाम लगेच दिसतो. चाचणीपुरता एक पथ्य: ही यादी संग्रहाचे शब्द पाहून करा, प्रश्न पाहून नव्हे.

पायरी ६: शोध आणि मोजणी

थिसॉरसवर शोध घेणाऱ्याला थिसॉरस येत असला पाहिजे. नवख्या विद्यार्थ्याला मेशमध्ये सोडून द्यायचं आणि ‘बघा, काही मिळत नाही’ म्हणायचं, ही तुलना नव्हे. उलट अनुभवी ग्रंथपालाने लावलेली बुलियन (‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ने जोडलेली) विधानं आणि विद्यार्थ्याने दोन शब्दांत टाकलेला यंत्रशोध यांची तुलनाही एकांगी. दोन्ही प्रकारचे शोधक दोन्हीकडे ठेवता आले तर उत्तम.

आता एक तांत्रिक अडचण. थिसॉरसचा शोध एक संच देतो: एवढे निबंध, बस. यंत्र देतं रांग, जी संपतच नाही. तेव्हा संच जेवढा आला तेवढ्यावर रांग कापा. एक कल्पित उदाहरण पाहू. एका प्रश्नाला संग्रहात २० निबंध लागू आहेत. थिसॉरसने १६ दिले, त्यांत १२ लागू. प्रिसिजन, म्हणजे मिळालेल्यांपैकी कामाचे किती, १२/१६ म्हणजे ७५ टक्के. रिकॉल, म्हणजे कामाच्यांपैकी मिळाले किती, १२/२० म्हणजे ६० टक्के. यंत्राच्या पहिल्या १६ मध्ये ११ लागू: ६९ आणि ५५. इथपर्यंत माणूस किंचित पुढे. पण यंत्राच्या पहिल्या ४० पर्यंत खाली गेलो तर १७ लागू सापडतात. रिकॉल ८५, प्रिसिजन मात्र ४२.५. थेसिससाठी सगळं साहित्य चाळणाऱ्याला हे चालेल, उद्याच्या व्याख्यानासाठी तीन निबंध हवे असलेल्याला दुसऱ्या पानावर जायचीही इच्छा नसते.

याच उदाहरणात आणखी एक रकाना काढा: १६-१६ च्या यादीत दोघांनाही सापडलेले ८, फक्त माणसाकडून आलेले ४, फक्त यंत्राकडून आलेले ३. एकत्र केले तर १५, रिकॉल ७५ टक्के. हा रकाना अहवालात क्वचित असतो. खरं तर निर्णय बऱ्याचदा याच्यावरच होतो.

तीस प्रश्नांची सरासरी काढा, पण तिच्यावर थांबू नका. प्रश्नाप्रश्नातला फरक पद्धतींमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. कोणत्या प्रश्नात कोण पुढे हे मोजा. पाच प्रश्नांत बरोबरी आणि उरलेल्या २५ मध्ये १८ विरुद्ध ७ असा निकाल लागला, तर निव्वळ नाणेफेकीने एवढी तफावत पडण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास. काहीतरी खरं आहे असं म्हणता येईल. १५ विरुद्ध १० असेल तर ती शक्यता ४२ टक्के. ‘आमची प्रणाली सरस ठरली’ असं लिहिण्याचा मोह तिथे आवरा.

पायरी ७: चुकांची वही

मला विचाराल तर सगळ्या खटाटोपाचं फळ इथे आहे. विल्फ्रेड लँकेस्टर यांनी १९६६ ते ६८ या काळात मेडलार्स या वैद्यकीय शोधप्रणालीची जी तपासणी केली तिचे आकडे, रिकॉल सुमारे ५८ टक्के आणि प्रिसिजन सुमारे ५०, वरवर पाहता निराशाजनक होते. पण त्यांनी प्रत्येक चुकलेल्या निबंधामागे कारण शोधलं आणि चार खाती उघडली: इंडेक्सिंगची चूक, थिसॉरसची उणीव, शोधविधानाची चूक, आणि वाचकाला नेमकं काय हवं हेच नीट समजून न घेणं. दोष एकट्या इंडेक्सरचा नव्हता हे त्यातून पुढे आलं.

तुम्हीही लागू असून न सापडलेला आणि लागू नसून आलेला असा एकेक निबंध उघडा आणि कारण लिहा. माणसाच्या बाजूला साधारण हे दिसतं: महत्त्वाची संज्ञा दिलीच नाही, नेमकी जात सोडून नुसतं ‘कीटक’ दिलं, किंवा संज्ञाच जुनी पडली. २०१८ मध्ये स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा ही कीड भारतात मक्यावर प्रथम नोंदली गेली आणि मराठीत ‘अमेरिकन लष्करी अळी’ म्हणून रुळली. घरगुती यादीत तोवर एकच ‘लष्करी अळी’ होती, भात-ज्वारीवरची, वेगळ्या जातीची. यादी वेळेत फोडली नाही तर दोन किडींचं साहित्य एका शीर्षकाखाली कायमचं मिसळून जातं. यंत्रही इथे फसतं, पण त्याला निदान ‘अमेरिकन’ हा शब्द दिसतो.

यंत्राच्या बाजूला वेगळंच. निबंधात शब्द आला तो संदर्भसूचीतून. ‘या किडीवर परिणाम आढळला नाही’ या वाक्यामुळे निबंध त्या किडीच्या यादीत वर आला. प्रस्तावनेत जगातल्या दहा किडींची नावं घेतली म्हणून निबंध दहाही प्रश्नांना हजर. यातली पहिली चूक संदर्भसूची इंडेक्समधून वगळली की पाच मिनिटांत दुरुस्त होते. दुसरी होत नाही. चुकांपुढे ‘दुरुस्त होणारी’ आणि ‘न होणारी’ असा शेरा मारत गेलात की पद्धतींचं खरं अंतर दिसू लागतं. एखादी पद्धत आज मागे असून थोड्या डागडुजीत पुढे जाऊ शकते.

पायरी ८: पैसा, वेळ आणि निर्णय

पायरी ४ मधली मिनिटं आता काढा. समजा निबंधामागे १२ मिनिटं लागली आणि संग्रह ५००० चा आहे: ६०,००० मिनिटं, म्हणजे १००० तास. दिवसाला सहा तास हेच काम धरलं तरी सुमारे १६७ कामाचे दिवस. यंत्राने सुचवलेल्या संज्ञा फक्त तपासायच्या असतील आणि त्याला ४ मिनिटं लागली तर हेच काम ५५-५६ दिवसांत उरकतं. पण सुचवलेलं पाहून तपासणारा माणूस हळूहळू सगळ्यालाच ‘हो’ म्हणू लागतो. म्हणून चाचणीत काही निबंध सूचनांशिवायही इंडेक्स करून घ्या आणि फरक पाहा.

सर्वांत मोठं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मेडलाइनसाठी दशकानुदशकं माणसं निबंध वाचून मेश संज्ञा देत होती. यंत्राच्या सूचना २००२ पासून त्यांच्या मदतीला आल्या, आणि २०२२ च्या मध्यापर्यंत जवळजवळ सगळं इंडेक्सिंग यंत्राकडे गेलं. पूर्वी संज्ञा लागायला आठवडे-महिने जात, आता साधारण एका दिवसात लागतात. माणसं राहिली ती निवडक निबंधांच्या तपासणीला आणि मेश सांभाळायला. हे जमलं कारण यंत्राला शिकवायला माणसांनी हाताने इंडेक्स केलेले लाखो निबंध आधीच हाताशी होते. पाच हजार निबंधांच्या आणि तीन प्रकारच्या शीर्षक-याद्यांच्या ग्रंथालयाने ‘त्यांनी केलं म्हणून आम्हीही’ म्हणणं धोक्याचं.

बहुतेक लहान संग्रहांना मी सुचवीन ते असं: पूर्ण मजकुराचं इंडेक्सिंग सगळ्यांसाठी, कारण ते जवळपास फुकट आहे. त्यावर माणसाच्या संज्ञा फक्त तिथे, जिथे चुकांच्या वहीत ‘न होणारी’ हा शेरा दाट आहे: सामाजिक-आर्थिक विषयाचे निबंध, शीर्षकात विषय न सांगणारे निबंध, मराठी मजकूर, आणि आपल्याच संस्थेचे प्रबंध, ज्यांना बाहेर दुसरं कोणी इंडेक्स करणार नाही. समानार्थींची फाइल मात्र एका माणसाच्या नावावर टाका. ती सगळ्यांची असली की कोणाचीच राहत नाही.

प्रश्न, शेरे आणि चुकांची वही जपून ठेवा. पुढच्या वर्षी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली किंवा विक्रेता नवा डेमो घेऊन आला, की तेच तीस प्रश्न त्याच्यासमोर ठेवायचे आणि गुलाबी बोंडअळीपासून सुरुवात करायची.